हद्दीबाहेरचे पहिले घर

मी एक जुना लामणदिवा आहे. माझ्या साखळीवर बसलेल्या पितळी हंसाची मान मोडली आहे, आणि वाटीत काजळीचा असा थर धरला आहे की तो खरवडायला कोणी धजत नाही. मित्रांनो, दिवा बोलायला लागला म्हणजे उजेडाच्या गोष्टी सांगणार, असे तुम्ही धरून चालला असाल. तसे नाही. मी तुम्हाला एका अंधाराची गोष्ट सांगणार आहे. लहानसाच होता तो, एका दमात ओलांडता येईल एवढा. तो नाहीसा झाला तेव्हा सगळ्या आळीने साखर वाटली. मला मात्र अजून त्याची आठवण आली की अंगावर काटा येतो.

माझा जन्म तमिळ मुलखातल्या, कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलचा. तिथल्या नदीची माती साच्याला फार चांगली, म्हणून पितळेचे दिवे घ्यावेत तर तिथलेच, असे कुंभकोणमची माणसे म्हणतात. मला ओतणाऱ्या कारागिराने वाटीला वातीसाठी चोची काढल्या, साखळीची एकेक कडी जुळवली आणि शेवटी हंस बसवताना तो स्वतःशीच हसला. का हसला ते मला माहीत नाही. काम मनासारखे झाले की माणसे अशी एकटीच हसतात. चिंचेने घासून मला उन्हात टांगले तेव्हा मी इतका झळकत होतो की शेजारच्या समयांनी नाके मुरडली. तेव्हापासून मी थोडा गर्विष्ठ आहे. तेवढे तुम्ही चालवून घ्या.

मला घरी आणले व्यंकोबारावांनी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात कारकुनी करत. पुढे राजे गेले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि दरबारावर पोसलेली घरे वाट फुटेल तिकडे पांगली. व्यंकोबारावांचे घराणे कुंभकोणमला आले. ते एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत. गावात जागा परवडेना, म्हणून त्यांनी नगरपालिकेच्या हद्दीचा दगड ओलांडून लगेचचा तुकडा घेतला, त्यावर घर बांधले, सरस्वतीबाईंना लग्न करून त्या घरात आणले आणि दाराच्या चौकटीला मला टांगले.

आता ती जागा नीट ध्यानात घ्या, कारण पुढे सगळे त्यावरच आहे. गावातून येणाऱ्या रस्त्यावर नगरपालिकेचे रॉकेलचे कंदील होते. ते हद्दीच्या दगडापाशी संपत. तिथून पुढे अंधार. रस्ता तोच, चिखलही तोच, पण नगरपालिकेचा दिवाबत्तीवाला त्या दगडापुढे कशाला पाऊल टाकील? आणि तो अंधार संपला की मी. सगळे आमच्या घराला 'हद्दीबाहेरचे पहिले घर' म्हणत. गाडीवाले तेच सांगत, टपालवालाही तेच सांगे. घराला दुसरे नाव नव्हतेच.

त्या घरात एक रीत होती. तशी ती तिथल्या सगळ्याच मराठी घरांत होती; तमिळ माणसे त्यांना 'रायर' म्हणत. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर तमिळ. तमिळ ही चपलेसारखी. बाहेर पडताना पायांत घालायची, परत आले की दारात काढून ठेवायची. बाजारात व्यंकोबाराव तमिळ बोलत, परसदारी भाजीवालीशी सरस्वतीबाई तमिळ बोलत. पण नवराबायको एकमेकांशी तमिळमधून एक अक्षर बोलल्याचे मी कधी ऐकले नाही. मराठी तरी कोणती? पुण्याकडचा एखादा पाहुणा आला की तोंडात बोट घाली. म्हणे, आमच्या पणजोबांच्या वेळी असे बोलत! व्यंकोबाराव बायकोला 'अगे' म्हणून हाक मारत, आणि त्या हाकेला ओ आली की आधी घसा खाकरून मग बोलत. दिवसभर हिशेब पुटपुटून त्यांचा घसा बसलेला असे.

त्या वर्षी कुंभकोणमला महामहमचे पर्व होते. हे पर्व बारा वर्षांनी येते आणि त्या दिवशी तळ्यात स्नानाला लाखो माणसे लोटतात. गर्दी ओसरली, आणि व्यापाऱ्याने व्यंकोबारावांना रंगूनला पाठवायचे ठरवले. तिकडे त्याची तांदळाची गिरणी होती आणि भरवशाचा माणूस हवा होता. समुद्र ओलांडला म्हणून नातेवाईक तोंडे वाकडी करणार हे ठरलेलेच होते. तरी ते निघाले. जाताना दारात उभे राहून त्यांनी माझ्या वाटीला हात लावला.

"अगे, दिवा मात्र रोज लाव," ते म्हणाले. "मी कोणे वेळीं येईन सांगवत नाहीं. नगरपालिकेचे कंदील सरले कीं अंधार, अंधार सरला कीं आपला दिवा. मज घर बरोबर सांपडेल."

"लावीन कीं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुम्ही या म्हणजे झालें."

पहिली काही वर्षे पत्रे आली. मग ती लांबली, आणि मग आलीच नाहीत. व्यापाऱ्याने गिरणी दुसऱ्याला विकली होती, त्यालाही काही ठाऊक नव्हते. सरस्वतीबाईंनी मला एक दिवसही उपाशी ठेवले नाही. घरात फोडणीला तेल नसे, पण माझ्या वाटीत असे. दिवेलागणीला पदर खोचून त्या मला उतरवत, पुसत, वात लावत आणि कपाळाचे कुंकू ठीक आहे ना ते माझ्या पितळेत पाहून घेत. मूलबाळ नव्हते. शिवणटिपण करून त्या पोट भरत. कोणी विचारले तर म्हणत, "हे रंगूनला अहेत." मित्रांनो, एवढ्या एका वाक्यावर ती बाई उभी होती.

इकडे आमच्या पलीकडे एकेक करून घरे उठली. गावात जागा महाग, बाहेर स्वस्त; मग काय, आळी झाली. आमच्याच भाषेची माणसे पुष्कळ होती. त्यात पांडुरंगराव होते, तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची बायको गोमती आमच्याकडे दिवसातून दोनदा डोकावे. आळी वाढली तशी घाणही वाढली. गटार बांधायला कोणी नव्हते, कचरा न्यायला गाडी नव्हती. हद्दीच्या आत नगरपालिकेची गाडी फिरे, आमच्याकडे डास फिरत. एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि गोमतीची थोरली मुलगी पंकजा सकाळी ओकायला लागली ती संध्याकाळी गेली. माझ्याच उजेडात तिला नेले. त्या रात्री आळीत कोणाच्याच घरी चूल पेटली नाही.

सुतक फिटल्यावर पांडुरंगरावांनी आळीतल्या घरमालकांना आमच्या ओट्यावर गोळा केले. मी वरून सगळे ऐकत होतो. पांडुरंगराव म्हणाले की ही जमीन नगरपालिकेच्या हद्दीत घालून घ्यायला हवी, आणि ते आपोआप होत नाही. मालकांनीच मागावे लागते. सगळ्या मालकांनी सह्या करून कौन्सिलच्या चेअरमनकडे अर्ज द्यायचा. कौन्सिलने ठराव केला की तो कलेक्टरकडे जातो, तिथून मद्रासला. सरकार गॅझेटात इरादा छापते, गावात दवंडी पिटली जाते, आणि ज्याला हरकत घ्यायची असेल त्याला मुदत मिळते. कोणी हरकत घेतली नाही तर पुन्हा गॅझेट निघते आणि हद्दीचा दगड उचलून पुढे रोवतात. घरपट्टी भरावी लागेल, पण कंदील येतील, गटार येईल, गाडी येईल.

"आमची ना नाहीं," सगळे म्हणाले.

पण एक मेख होती. हद्दीत यायची जमीन हद्दीला लागून असावी लागते, मध्ये भोक ठेवता येत नाही. हद्दीला लागून होते ते एकच घर. आमचे. पहिल्या घराने सही केली नाही तर मागच्या सगळ्यांच्या सह्या चुलीत घालायच्या. आणि पहिले घर होते व्यंकोबारावांच्या नावावर.

पांडुरंगराव माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. गोष्टीत एखादा दुष्ट असला की ऐकणाऱ्याला बरे वाटते. इथे तो नाही. ते आधी एवढेच म्हणाले, "वैनी, अस्की सह्या झाल्या, सगळ्यांच्या. तुमचीच राहिली अहे." सरस्वतीबाईंनी मोडीत वळणदार सही केली. कचेरीतून अर्ज परत आला. या बाई कोण, असे विचारणे होते. मालकाची बायको? मग मालक कुठे आहे? जिवंत असेल तर त्याची सही आणा. नसेल तर विधवा म्हणून, वारस म्हणून सही करा. जिवंत माणसाची जमीन त्याच्या बायकोला परस्पर कुठे हलवता येत नाही.

"म्हणजे हे गेले म्हणून मी लिहून देऊं?" सरस्वतीबाईंनी विचारले.

"नुसतें लिहिण्यापुरतें, वैनी," पांडुरंगराव म्हणाले. पण त्यांनाही ठाऊक होते की तसे नसते. शास्त्रीबुवांकडे बोलणे गेले. शास्त्रीबुवा म्हणाले, कागदावर विधवा आणि कपाळावर कुंकू, हे कोणत्या शास्त्रात बसते? घर सोडून ज्याला बारा वर्षे झाली आणि ज्याची खबर नाही त्याचा पालाशविधी करावा, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. मग तो मेला, आणि मग बायकोने वारस म्हणून खुशाल सही करावी. महामहमचे पर्व पुन्हा आले होते. बारा वर्षे भरली होती.

बघा, जो तो आपापल्या जागी बरोबरच बोलत होता. चेअरमन बरोबर, कारकून बरोबर, शास्त्रीबुवा बरोबर. सगळ्यांच्या बरोबर बोलण्याच्या मध्ये एक बाई सापडली होती, आणि तिच्याजवळ 'हे रंगूनला अहेत' याशिवाय काही नव्हते.

त्यांनी कित्येक दिवस हो म्हटले नाही. कोणी जबरदस्तीही केली नाही. मग एके दिवशी गोमती धाकट्या मुलाला काखेत घेऊन आली. त्याला जुलाब होत होते आणि त्याची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती. ती सहीचे बोलली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अक्का, थोडें उकळलेलें पाणी असेल तर दे. माझ्या घरचें सरलें." सरस्वतीबाईंनी पाणी दिले. मुलाने दोन घोट घेतले. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"गोमती, तुझ्या यजमानांस सांग," त्या म्हणाल्या, "हे गेले. मी सही करतें. तुझें लेंकरूं तरी राहूं दे."

गोमती ओक्साबोक्शी रडायला लागली. सरस्वतीबाई रडल्या नाहीत. उठून त्यांनी मला लावले आणि त्या दिवशी जरा जास्तच तेल घातले.

पुतळा माजघरात केला. पळसाची पाने दर्भाने बांधून हात केले, पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मेलेल्या माणसाच्या उशाशी दिवा लागतो. घरात दुसरा चांगला दिवा नव्हता. बारा वर्षे ज्याला वाट दाखवायला मला टांगले होते, त्याच्याच प्रेताच्या उशाशी मला ठेवले, आणि ते प्रेत तर पानांचे! माझी ज्योत त्या पानांवर हलत होती. मला एकसारखे वाटत होते की तो नारळ आता वळेल आणि घसा खाकरेल. मी पितळेचा आहे म्हणून टिकलो. मातीचा असतो तर तडकलोच असतो.

कावेरीकाठी पुतळा जळाला. सरस्वतीबाईंच्या बांगड्या फुटल्या, केस उतरवले, अंगावर तांबडे आलवण आले. त्या तशा होऊन घरात शिरल्या तेव्हा मी त्यांना ओळखले नाही. मग त्यांनी कागदावर सही केली. या खेपेला कोणी काही विचारले नाही. प्रेताच्या उशाचा दिवा पुन्हा दारात टांगत नाहीत. मला दाराआतल्या कोनाड्यात ठेवून दिले.

पुढचे सगळे पांडुरंगराव म्हणाले होते तसेच झाले. ठराव झाला, गॅझेट निघाले, दवंडी पिटली, कोणी हरकत घेतली नाही. हद्दीचा दगड उपटून बैलगाडीत घातला आणि माडांच्या बागेपलीकडे नेऊन रोवला. आळीत कंदील लागले. त्यातला एक नेमका आमच्या दारासमोर. तो मेला असा भगभगे की रस्त्यातल्या मुंगीचीही सावली पडावी. त्या संध्याकाळी आळीने साखर वाटली. मी नगरपालिकेला शिव्या देणार नाही. गटार वाहते झाले, गाडी येऊ लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली ती आमची आळी सोडून गेली. गोमतीचा मुलगा अंगणात धावू लागला. हे सगळे खरे आहे, आणि पुढचेही खरे आहे.

घरात व्यंकोबाराव येऊ लागले. हसू नका. जिवंत माणूस दूर असला की तो दूरच असतो. मेला म्हटलेला माणूस जवळ येतो. सरस्वतीबाई संध्याकाळी जेवायला बसल्या की मागे कोणी घसा खाकरल्यासारखे होई आणि त्या घास हातात धरून थिजून बसत. अंगणात चपला काढल्याचा आवाज येई. अंथरुणाशी पानांची सळसळ होई. "अगे," असे कोणी म्हणे. मी कोनाड्यात होतो, मला काही दिसले नाही. पण ऐकू आले नाही असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला छाती नाही ते सोडा. त्या भिंतीकडे तोंड करून हात जोडत आणि मराठीतून म्हणत, "मी चुकलें. पण लेंकरांसाठीं केलें. तुम्ही जा आतां." मग मग त्या दिवेलागणीच्या आधीच दाराला आतून अडसर घालू लागल्या. कोणी हाक मारली तरी दार उघडत नसत.

अशीच दोनतीन वर्षे गेली. मग एका संध्याकाळी बाहेरचा कंदील नुकताच लागला होता आणि रस्त्यावर काठी वाजली. टक, टक, अशी चाचपत. ती आमच्या दारापाशी थांबली. कोणी घसा खाकरला.

सरस्वतीबाई दारामागे उभ्या होत्या. त्यांनी भिंतीला हात टेकला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

बाहेरचा माणूस बोलला. तमिळमध्ये बोलला. "घरात कोणी आहे का? मला नीट दिसत नाही. नुसता उजेड कळतो. नगरपालिकेची हद्द कुठे संपते, एवढे सांगा. किती वेळ चालतोय, कंदील संपतच नाहीत."

तमिळ ऐकले आणि सरस्वतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या मागे लागलेले भूत मराठी बोलत असे. हा कोणी वाटसरू होता. परक्याशी बोलायचे म्हणून त्याही तमिळमध्येच बोलल्या. दार उघडले नाही. दाराआडून, खालच्या आवाजात.

"अजून पुढे जा, अय्या. माडांची बाग लागेल. तिच्यापलीकडे हद्दीचा दगड आहे."

"फार पुढे गेलं म्हणायचं गाव," तो म्हणाला. "बरं. देव तुमचं भलं करो, अम्मा."

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मधल्या भिंतीत होतो. इकडे ती, तिकडे तो, आणि मध्ये चार बोटे सागवान. जन्मभर एकमेकांशी ज्या भाषेत ते एक अक्षर बोलले नव्हते, त्या भाषेत ते बोलले, आणि दोघांनाही आवाज परका वाटला. त्याचा आजाराने खरवडलेला, तिचा भीतीने दबलेला. मी ओळखले. माझ्या वाटीला तो हात लागलेला होता. हंसाला चोच होती, पण तिला ओरडता येत नव्हते. माझ्यात तेल असते, वात असती, नुसती एक ठिणगी असती तर दाराच्या फटीतून मी बाहेर पडलो असतो. काठी वाजत वाजत पुढे गेली. सरस्वतीबाई जेवायला बसल्या.

माडांच्या बागेपलीकडे, नव्या हद्दीबाहेर, पहिले घर होते नटराजचे. त्याचा पानमळा होता, आणि त्याची बायको शिवकामी विड्याची पाने घेऊन आमच्या आळीत येई. दोन दिवसांनी ती सकाळी आली ती टोपली न घेताच. परसदारी उभी राहून ती तमिळमध्ये सांगू लागली.

"अम्मा, आमच्या ओट्यावर एक आंधळा म्हातारा येऊन बसलाय. अंधारातून आला, खांब चाचपला, आणि हे माझं घर म्हणाला. आम्ही म्हटलं, वेडा असेल. पेज दिली. काल तापानं फणफणला. रंगूनहून आलोय म्हणाला, तिकडे डोळे गेले, गिरणीवाल्यानं हाकलून दिलं, एवढं तमिळमध्ये बोलला. आता शुद्धीत नाही तर तुम्हा रायर लोकांच्या भाषेत बोलतोय. मला हाका मारतो आणि एकच विचारतो. तुम्ही अर्थ सांगाल तर बरं होईल."

"काय विचारतो?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

शिवकामीच्या जिभेवर ते शब्द घसरत होते, पण तिने ते नीट पाठ केले होते. एकही अक्षर न समजता ती म्हणाली, "अगे, दिवा कां नाहीं लावलास? मज घर सांपडेना."

सरस्वतीबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. त्या आत आल्या, कोनाड्यातून मला उचलले, का उचलले ते त्यांनाही कळले नसेल, आणि पुढच्या दाराचा अडसर काढून भर सकाळी रस्त्यावर धावत सुटल्या. तांबडे आलवण नेसलेली, बोडक्या डोक्याची बाई, हातात विझलेला दिवा. आळी दारांत येऊन उभी राहिली. माझी साखळी त्यांच्या पायांत अडकत होती. नटराजच्या दारात त्या ठेचकाळल्या तेव्हाच माझ्या हंसाची मान मोडली.

ते ओट्यावर निजले होते. पाहून मी त्यांना ओळखले असे म्हणवत नाही. हाडांची मोळी होती ती. सरस्वतीबाई शेजारी बसल्या. त्यांच्या तोंडून एकच शब्द फुटला.

"आलांत?"

मराठी ऐकताच व्यंकोबारावांचा चेहरा त्या दिशेने वळला. "अगे," ते म्हणाले. "कुठें होतीस? मी हांका मारून थकलों." त्यांनी हात पुढे केला. तो हात आधी सरस्वतीबाईंच्या मनगटाला लागला. तिथे बांगडी नव्हती. दुसरे मनगट शोधले. तिथेही नव्हती. मग हात वर गेला, गालावरून, कपाळावरून, डोक्यावर. तिथे केस नव्हते. तो हात डोक्यावर तसाच थांबला. आंधळ्या माणसाच्या चेहऱ्यावर उजाडत जाताना मी तेवढे एकदाच पाहिले आहे, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

त्यांनी घसा खाकरला. मग अगदी साधेपणाने, जेवण झाले का विचारावे तसे, त्यांनी विचारले.

"अगे, मी कधीं मेलों?"

सरस्वतीबाई म्हणाल्या, "मी सही केली त्या दिवशीं."

मागून पांडुरंगराव धावत आले होते. त्यांनी हे ऐकले आणि ते ओट्याच्या पायरीवर खाली बसले. मग त्यांनीच शास्त्रीबुवांकडे माणूस धाडला. मेलेला परत आला तर त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो, असे शास्त्रीबुवा म्हणाले. तुपाने न्हाऊ घालायचे, नाव ठेवायचे, मुंज करायची, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचे. मुहूर्त बघतो म्हणाले. मुहूर्त बघेपर्यंत व्यंकोबाराव थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, परक्याच्या ओट्यावर, बायकोचा हात धरून ते गेले. त्यांचे दहावे, तेरावे सगळे आधीच झालेले होते. सरस्वतीबाईंच्या हातांत फोडायला बांगड्या नव्हत्या. कोणाला काय करावे ते कळेना. शेवटी लाकडे नटराजने रचली.

सरस्वतीबाई पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. दाराला अडसर त्यांनी पुन्हा कधी घातला नाही, पण मलाही पुन्हा लावले नाही. त्या गेल्यावर मी या हातातून त्या हातात फिरलो आणि आता पट्टीश्वरमच्या एका घरात माळ्यावर पडून आहे. कुंभकोणम गाव वाढतच आहे, दगड पुढे सरकतच आहे, असे खालची माणसे बोलतात. संध्याकाळी कधी कधी रस्त्यावर काठी वाजते. कोणी म्हातारा जात असेल. मी दर वेळी कान टवकारतो.

मित्रांनो, मला घासा अथवा घासू नका, मोडीत घातले तरी माझी तक्रार नाही. एवढे मात्र करा. दिवेलागणीला कोणी दारात येऊन वाट विचारू लागला, तर आतूनच हद्द सांगून त्याला पुढे लावून देऊ नका. दार उघडा. आणि तुम्ही घरात ज्या भाषेत बोलता, त्याच भाषेत आधी विचारा, कोण आहे?